कोऱ्या डोळ्याचा साक्षीदार

फादर बोनी, चर्चच्या गेटवर तुमचा जो फ्लेक्स लागलाय तो मीच छापलाय, आणि नेहमीप्रमाणे त्यात घोळ आहे. नाव बरोबर आहे, काळजी करू नका. 'हार्दिक शुभेच्छा' असंही कुठे लिहिलेलं नाही. घोळ चेहऱ्याचा आहे. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक चेहरा आधी धुतला जातो. सुरकुत्या काढायच्या, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, दोन छटा गोरा करायचा. वाढदिवस असो की दहावं, गिऱ्हाइकाला माणूस चकचकीत लागतो. गेल्या आठवड्यात तुमच्या धाकट्या फादर नेल्सननी तुमचा फोटो पाठवला तेव्हा मी रडत होतो, पण माऊसवरचा हात आपला सवयीने चालत होता. प्रिंट बाहेर आली तर तुम्ही चाळिशीचे, गुलाबी गालांचे, नुकतेच फेशियल करून उठलेले. माझी बायको, वंदना, बघून म्हणाली, "फादरांचं लग्न ठरलंय का?"

बदलायला वेळ नव्हता. तिकडे वसईला, तुमच्या गावच्या चर्चच्या अंगणात, तुम्हाला मातीआड करूनसुद्धा झालं होतं. इथे जुईनगरमध्ये आठवडाभर लोक त्या गुलाबी माणसाला हात जोडतायत. असू दे. तुम्ही माझी जेवढी अक्कल काढलीत त्यात ही शेवटची भर. यावर बोलायला तुम्ही नाही याचा मला, खरं सांगतो, आनंदच होतो. दिवसातून एखाद-दोन मिनिटं होतो. मग उरलेला दिवस असतोच.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुम्ही कोणाबद्दल बोललात? गेलेल्यांचं सोडा, समोर बसलेल्यांचीही तुम्ही गय केली नाहीत. फादर नेल्सनचं पहिलं प्रवचन झाल्यावर सगळ्यांदेखत त्यांना म्हणालात, "आवाज छान आहे. पुढच्या वेळी त्यात मजकूरही घाल." वंदनाने प्रेमाने आणलेलं कालवण चाखून विचारलंत, "घरात कोणी आजारी आहे का?" त्या दिवशी घरी आल्यावर ती पातेलं घासताना जे बोलली ते तुमच्या धर्मात पाप आहे. आमच्यातही चांगलं समजत नाहीत.

आपली ओळखच मुळी माझ्या मूर्खपणातून झाली. तुमच्या कमिटीने ईस्टरच्या आठवड्यासाठी बोर्ड सांगितला होता. माझ्याकडे सणांचा एकच साचा आहे. सणाचं नाव बदललं, वरच्या कोपऱ्यातल्या दादांचा फोटो काढला किंवा घातला, की बोर्ड तयार. त्याप्रमाणे तुमच्या गेटवर बोर्ड लागला, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा', आणि दोन्ही बाजूंना फुगे. ज्या दिवशी तुमच्या देवाला खिळे ठोकले त्या दिवशी. सकाळीच कमिटीवाले दुकानात येऊन मला जे बोलायचं ते बोलून गेले. सगळ्यात शेवटी तुम्ही आलात. पांढरा शर्ट, रबरी चपला, हातात मिटलेली छत्री.

"हे तू केलंस?"

"हो फादर. गुड आहे म्हटल्यावर मला वाटलं..."

"क्रूस बघितलायस कधी?"

"बघितलाय."

"त्याच्यावर कोण असतं?"

"तुमचे देव."

"त्यांना काय झालं होतं?"

मी बराच विचार करून म्हणालो, "ते मला नीट माहीत नाही, फादर. आम्ही बौद्ध."

तुमचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, माफी मिळाली. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारावं तसं विचारायला लागलात. ग्रीक येतं? नाही. हिब्रू? नाही. लॅटिन? नाही. इंग्रजी? दुकानापुरतं. बायबल वाचलंयस? नाही, फादर. प्रत्येक 'नाही'ला तुम्ही जास्त खूश.

"सोमवारी दुकान बंद असतं ना? माझ्याकडे ये. नवी मुंबईत आल्यापासून मी तुझ्यासारखा अडाणी माणूस शोधतोय. इथे सगळ्यांना थोडं थोडं कळतं, तोच तर त्रास आहे."

अशी माझी तुमच्याकडे नेमणूक झाली.

चर्चच्या मागची तुमची खोली बघून मी पहिल्यांदा घाबरलो होतो. भिंतीवर येशू एकच होता, बाकी सगळीकडे भाजलेल्या पापडासारख्या तुकड्यांचे फोटो. पपायरस म्हणजे काय ते तुम्ही मला सांगितलंत, तेवढं सांगायची परवानगी होती. नदीकाठच्या लव्हाळ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या चिकटवून केलेला जुन्या काळचा कागद. इजिप्तच्या वाळूत त्याचे तुकडे सापडतात, उंदरांनी खाल्लेले, वाळवीने पोखरलेले, एकेकावर चार-सहा अक्षरं उरलेली. ती कुठल्या ग्रंथातली, हे ओळखायचं तुमचं काम. ओळीत किती अक्षरं मावत असतील, वरच्या ओळीतल्या या अक्षराखाली खालच्या ओळीत ते अक्षर येईल असा मजकूर कुठे आहे, हे जुळवत बसायचं. परदेशात शिकताना तुम्ही असे पुष्कळ तुकडे ओळखलेत, म्हणे. त्यातला एक मात्र तुमच्या मानगुटीवर बसला. अंगठ्याच्या नखाएवढा. तो तिकडे युरोपातल्या एका म्युझियममध्ये काचेखाली, आणि तुम्ही इथे त्याचा फोटो घेऊन जुईनगरमध्ये.

आणि माझं काम काय? बघणं.

"ज्याला भाषा येते तो डोळ्यांनी वाचत नाही," तुम्ही म्हणालात. "तो इच्छेने वाचतो. अर्धवट अक्षर दिसलं की उरलेलं अर्धं त्याच्या मनातून येतं. मला कोरा डोळा पाहिजे. तू फक्त रेघा बघायच्या. शब्द पाचच वापरायचे. उभी, आडवी, गोल, डाग, भोक. सहावा शब्द काढलास तर छत्री घालीन."

एका फोटोला एक साक्षीदार, तोही एकदाच. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. साक्षीदाराने अर्थ विचारायचा नाही, आणि तुम्हाला काय हवंय ते त्याला कळता कामा नये. तुम्ही माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचात, म्हणजे मला तुमचा चेहराही दिसू नये. मधूनच एखादा बनावट फोटोही सरकवायचात. एकदा मी मन लावून एका तुकड्याच्या उभ्या-आडव्या सांगितल्या, तर तो नळाजवळच्या भिंतीवरचा ओलीचा पोपडा निघाला. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. पण मी पोपड्यालाही 'डाग' म्हणालो होतो, 'गोल' नाही, म्हणून नोकरी टिकली.

तरी पहिल्याच महिन्यात जाणारच होती. तुम्ही त्या नखाएवढ्या तुकड्याचा फोटो मोठा करून मागितलात. मी केला. पण फोटो इतका मळका होता की गिऱ्हाइकाला असा माल द्यायला मला लाज वाटली. मी बसून सगळे डाग काढले, कडा सरळ केल्या, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र. तुम्ही तो हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलात. मग म्हणालात, "शाई कुठे आहे?"

"शाई?"

"ती काळी होती ना, ती. ती शाई होती."

मी म्हटलं, "फादर, मला वाटलं घाण आहे."

"इतकी वर्षं वाळूने सांभाळलं, उंदरांनी सोडलं, इंग्रजांनी काचेत घातलं," तुम्ही फोटो उलटा ठेवत म्हणालात, "आणि तू एका दुपारी धुऊन टाकलंस. रोमन सैनिकांना तुझा पत्ता माहीत नव्हता, नशीब."

मूळ फोटो शाबूत होता म्हणून निभावलं.

मला तुमचा राग यायचा. सांगून ठेवतो, आता सांगायला भीती नाही. कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले माझ्याशी नीट बोलायचे, नगरसेवकाची पोरं अहो-जाहो करायची, आणि मी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पायाने जाऊन तुमच्याकडून गाढव म्हणवून घ्यायचो. वंदना विचारायची, "काय मिळतं तुला तिथे?" मला सांगता यायचं नाही. आता सांगतो. जन्मभर लोकांनी मला विचारलं, तुला काय येतं? तुम्ही एकटेच भेटलात ज्यांना मला काही येत नाही याचा उपयोग होता. आणि मी काही म्हटलं की तुम्ही ते ऐकायचात. मी 'उभी' म्हटलं की उभी. तुमची आयुष्यभराची विद्वत्ता त्या वेळी खिडकीशी गप्प उभी असायची.

तिथेच मी माती खाल्ली. मला तुम्हाला खूश करायचं होतं.

एका सोमवारी मी रेघा सांगत असताना खिडकीशी तुम्ही हळूच काहीतरी पुटपुटलात, आणि तुमचा आवाज असा झाला की एखादं घरचं माणूस रस्त्यात भेटावं. ते काय होतं हे मला कळेना, आणि विचारायची बंदी. मग प्रिंटर चालू असताना मी मोबाईलवर ग्रीक अक्षरं शिकायला लागलो. दादांच्या वाढदिवसाचा वीस फुटी बोर्ड बाहेर यायला वेळ लागतो, तेवढ्यात एक अक्षर होतं. पुढे अक्षरांना शब्द चिकटले. एक दिवस तुमचं नाव मोबाईलवर टाकलं तर तुमचं सगळं भांडणच समोर आलं.

त्या तुकड्यावर 'मासा' हा शब्द आहे, हे तुमच्या शत्रूंनाही मान्य. शेजारी 'भाजलेला' असावा, तेही मान्य. प्रश्न त्याच्या आधीच्या एका शेपटीचा. कागद जिथे फाटलाय तिथे एका अक्षराचं टोक उरलंय. ते टोक गोल असेल तर तिथे 'त्याला' असा शब्द बसतो, आणि मग तो तुकडा शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या गोष्टीतला. मरून परत आलेला तो माणूस मित्रांमध्ये उभा राहतो, त्यांना खरं वाटत नाही, तो म्हणतो काही खायला आहे का, आणि ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात. तो प्रसंग. टोक सरळ असेल तर 'त्याला' नाही. मग समोर कोणी उभं नाही. मग तो कुठल्याशा वैद्याने लिहून दिलेला पथ्याचा कागद आहे, रोग्याने भाजलेला मासा खावा, बस. तुम्ही तरुणपणी गोल म्हणालात. बाकीचे सरळ म्हणाले, आणि हसले. त्यानंतर तुमचं आयुष्य त्या टोकावर लटकलेलं होतं.

जुन्या फोटोत तिथे नुसता डाग होता. मी डागच म्हणालो होतो. मग दिवाळीच्या सुमाराला म्युझियमने नवा फोटो पाठवला, वेगळ्या उजेडात काढलेला, शाई उठून दिसणारा. तुम्ही तो पाकिटातून काढलात. माझ्यापुढे ठेवलात आणि पाठ केलीत. मी एक एक रेघ सांगत गेलो आणि त्या टोकाशी आलो.

"गोल," मी म्हणालो.

तुम्ही वळला नाहीत. खिडकीचा गज धरून म्हणालात, "पुढे." पण मला कळलं होतं. तुम्ही त्याच आठवड्यात लेख लिहून पाठवलात, आणि त्यात लिहिलंत की मी नाही, ग्रीक न येणाऱ्या एका माणसाने हे पाहिलं आहे. छापून येणार असं त्यांनी कळवलं. त्या दिवशी तुम्ही मला चहा पाजलात. साखरही घातलीत.

मग तुमचा वाढदिवस आला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी फ्लेक्सवाला. मी तुमचं नाव ग्रीक अक्षरांत, सोनेरी, सावली देऊन छापलं आणि हॉलमध्ये केकच्या मागे लावलं. फुगेही होतेच.

तुम्ही दारातून आत आलात, बोर्ड वाचलात आणि तिथेच उभे राहिलात.

"हे कोणी लिहून दिलं?"

"मीच," मी छाती काढून. "सगळी अक्षरं येतात आता. म्हणून दाखवू?"

"कधीपासून?"

"पावसाळ्याआधीपासून."

तुम्ही केकच्या टेबलाला हात लावून उभे. "म्हणजे नवा फोटो बघितलास तेव्हा येत होती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "येत होती. पण फादर, मला खरंच गोल दिसलं. शपथ."

"कोणाची? तुमच्यात तर देव नाही." मग अगदी हळू विचारलंत, "गोल असलं की काय होतं, तेही माहीत होतं?"

"होतं."

वंदना केकची सुरी घेऊन आतून तेवढ्यात आली, ती दारातच थांबली. फादर नेल्सननी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते त्यांनी खिशात घातले.

"सोमवारी येऊ नकोस," तुम्ही म्हणालात.

"किती सोमवार, फादर?"

"अक्षरं विसरशील तेव्हा ये."

आणि तुम्ही लेख परत मागवलात. स्वतःहून कळवलंत की माझा साक्षीदार बाद आहे, सबब माझ्याकडे पुरावा नाही. तिकडे काय झालं ते फादर नेल्सननी मला नंतर सांगितलं. जे आधी तुमच्या मताला हसत होते ते आता तुम्हाला हसले. म्हातारा शेवटी स्वतःच उताणा पडला, असं कोणीतरी लिहिलंसुद्धा.

मी बंदी मोडून तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तुम्ही दार अर्धंच उघडलंत.

"फादर, मला अक्षरं येतात हे तिकडे कोणाला कळणार होतं?"

"मला कळलंय ना."

"मग दुसऱ्याला दाखवा. रिक्षा स्टँडवर उभे राहा, सगळेच कोरे आहेत."

"त्याने सरळ म्हटलं तर तिसऱ्याला. मग चौथ्याला. गोल म्हणणारा भेटेपर्यंत. त्याला साक्ष म्हणत नाहीत, गिऱ्हाईक पटवणं म्हणतात. ते तुझं काम."

मी चिडलो. म्हटलं, "आणि निघाला तो पथ्याचा कागद, तर काय होईल? तुमचा देव खोटा ठरेल?"

"देवाला कागद लागत नाही," तुम्ही म्हणालात. "मला लागतो." आणि दार लावलंत. ते भांडण तिथेच राहिलं. त्यावर मला सुचलेली सगळी उत्तरं जिन्यात सुचली. काही तर या आठवड्यात सुचली.

मी प्रयत्न केला, फादर. अक्षरं विसरायचा. माणूस शिकायला क्लास लावतो, विसरायला कुठे जायचं? मोबाईलमधलं सगळं पुसलं. तुकड्याचा फोटो उलटा धरून बघितला, लांबून बघितला, चष्मा काढून बघितला. 'मासा' तिथेच. वडिलांनी मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तेव्हा माझ्या गालफडात मारल्याशिवाय एकही येत नव्हतं, आणि ही मेली एकदा आली ती जात नव्हती.

तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात आणि आता घरी यायचे नाहीत, हे मला फादर नेल्सनच्या फोनवरून कळलं. ते म्हणाले, "तुम्हाला बोलावलंय." मी चपला घालायला लागलो. "म्हणजे तुम्हाला नाही. वहिनींना. तुम्ही आलात तरी पडद्याबाहेर थांबायचं, असं म्हणालेत."

वंदनाला मी घरी एवढंच सांगितलं होतं की मी अक्षरं शिकलो म्हणून तुम्ही चिडलात. गोल आणि सरळचं काही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलला जाणारी आमची रिक्षा एलपी नाक्याच्या सिग्नलला थांबली तेव्हा कळलं.

"मला काय विचारणारेत?" ती म्हणाली.

"एक फोटो दाखवतील. दिसेल ते सांग."

"त्यांना काय सांगितलं की बरं वाटेल?"

मी बाहेर बघायला लागलो.

"तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग सांग की. म्हातारा मरायला टेकलाय, एक शब्द बोलल्याने माझं काय जातंय?"

फादर, माझ्या तोंडात तो शब्द होता. दोनच अक्षरी. सिग्नल सुटेपर्यंत होता. मला तुमचा छळ करायची यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती आणि तुमच्यावर माया करायचीही. मी म्हटलं, "दिसेल ते सांग." ती म्हणाली, "दगड आहेस." मी तुमचा दगड होतो. तुम्हीच घडवलेला.

पडदा अर्धवट होता, त्यामुळे मला दिसत होतं. पलंगावर चादरच जास्त होती, तुम्ही थोडेच होता.

"वंदना, ग्रीक येतं?"

"नाही हो फादर. यांना येतं तेवढं पुरे झालं."

तुम्ही हसलात. "हे छापायला नाही. माझ्यासाठी. हे टोक बघ. उभं-सरळ आहे की गोल?"

तिने चष्मा लावला, फोटो घेऊन खिडकीशी गेली. तुम्ही पाठ करू शकत नव्हता म्हणून डोळे मिटलेत. ती बघत होती. तिला कधी कशाची घाई नसते.

"सरळ आहे," ती म्हणाली. "रेघ जरा कलती आहे, पण सरळ. शिवण उसवल्यावर दोरा लोंबतो ना, तशी."

"नक्की?"

मला तुम्ही कधीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तो तुमचाच नियम होता. मी पडद्याची कड धरली.

"नक्की, फादर."

तुम्ही बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, गेलात. मग म्हणालात, "थँक यू. चला, तुमच्या घरात एक माणूस कामाचं निघालं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे वैद्यच होता तो. जन्मभर मी एका वैद्याची चिठ्ठी वाचत बसलो. मग त्याचं ऐकायला पाहिजे. इथले डॉक्टर पेज देतात. त्या डॉक्टरने भाजलेला मासा सांगितलाय. आण."

परतीच्या रिक्षात तिने विचारलं, "मी चुकीचं बोलले का?" मी नाही म्हटलं. "मग तुझा चेहरा असा का?" मी म्हटलं, "असाच आहे. दुकानात गेलो की गोरा करतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवाळे गावच्या मासळी मार्केटात गेलो. कोळीणबाईंनी विचारलं, "बांगडा कापू का अख्खा भाजाचा हाय?" आजारी माणसाला आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग मसाला नको लावू. मीठ लाव नुसता." मीठ लावायचं काम वंदनाने माझ्याकडे दिलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

हॉस्पिटलात सिस्टर नको नको म्हणत होती. तुम्ही तिला म्हणालात, "माझ्याकडे जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे." वंदनाने काटे काढून तुमच्या ओठांवर तुकडा ठेवला. अंगठ्याच्या नखाएवढा. तुम्ही तो कितीतरी वेळ तोंडात फिरवलात.

"मीठ कमी आहे," तुम्ही म्हणालात. "कोणी लावलं?"

"यांनी."

तुम्ही पडद्याकडे बघितलंत. त्या अर्ध्या दारानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. "वाटलंच," म्हणालात.

माझ्याशी बोललेला हा तुमचा शेवटचा शब्द. लोकांना आशीर्वाद मिळतात, कोणाला घड्याळ मिळतं. मला 'वाटलंच' मिळालं. मी तक्रार करत नाही. तो शब्द तुम्ही माझ्याशी बोललात, माझ्याबद्दल नाही, एवढा फरक मला कळतो.

उद्या तो गुलाबी फ्लेक्स उतरवून मी नवा लावणार आहे. सगळ्या सुरकुत्यांसकट, डोळ्यांखालच्या काळ्यासकट, कपाळावरच्या त्या डागासकट जो मी तुमच्या हयातीत चार वेळा पुसायला बघितला. फाईल उघडताना शेजारी तुमच्या तुकड्याचा फोटोही उघडला गेला. मोठा करून त्या टोकाशी गेलो. वंदना सरळ म्हणते. तिचा डोळा कोरा आहे. सगळे सरळ म्हणतात. तुम्ही सरळ आहे असं मानून गेलात. माझी साक्ष बाद आहे, तुमच्याच नियमाने, आणि तुमचा नियम बरोबर होता. शिवाय आम्ही बौद्ध. आमच्यात गेलेला माणूस परत येऊन समोर उभा राहत नाही, मला काही खायला द्या म्हणत नाही.

पण फादर, मला अजून गोलच दिसतं.